इंचाइंचाने वाढलेला पडदा



या गावात इतिहासावर बोलावयाचे म्हणजे देवगिरीपासून आरंभ करावा, मलिक अंबरच्या नहरीवर यावे आणि मकबऱ्यापाशी विसावा घ्यावा, अशी रीत आहे. ती चांगलीच आहे. परंतु आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती या क्षणी आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आहे, आणि दोनचारांच्या तर हातातच दिसते आहे. मोबाइल फोनचा पडदा दर काही वर्षांनी मोठा होत गेला आणि लोकांनीही तो मोठाच पसंत केला. असे का झाले, एवढाच आजचा विषय.

या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते: “हौस आहे लोकांची, दुसरे काय!” पगार हाती पडला की पोरे मोठा फोन घेतात, ऐपत नसली तर हप्त्यावर घेतात, असेही वर ऐकविले जाते. आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो आहोत. कामगाराच्या प्रत्येक खरेदीला हौस म्हणण्याची खोड आम्हांला चांगली परिचयाची आहे. त्याने सायकल घेतली तेव्हा हौस म्हणाले. ती पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचण्यासाठी होती. मनगटावर घड्याळ बांधले तेव्हाही हौस म्हणाले. ते पाच मिनिटांच्या उशिरापायी अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये म्हणून होते. तेव्हा फोनच्या बाबतीतही निकाल देण्यापूर्वी थोडी चौकशी करावी, असे आम्हांला वाटले.

आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कारखान्यात आणि गेटसभेत. उमेदवारीच्या काळात एका जुन्या टर्नरने आमच्या हाती व्हर्निअर दिला आणि सांगितले, “पोरा, आधी माप घे, मग मत दे.” आज तेच करावयाचे आहे. आणखी एक खुलासा. आमच्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधीच्या काळाविषयी बोलताना औरंगाबाद हे नाव आमच्या तोंडी येईल. त्या काळच्या गोष्टी त्या काळच्या नावाने सांगाव्या, एवढाच त्यामागचा हेतू.

पडद्याची गोष्ट आम्ही तंबूपासून सुरू करतो. आमच्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा येई. मधोमध एक पांढरे कापड ताणलेले असे, आणि गर्दी झाली की त्याच्या दोन्ही अंगांना माणसे बसत. पलीकडच्यांना चित्र उलटे दिसे, पण त्याची तक्रार कोणी केल्याचे आम्हांला आठवत नाही. तक्रार असे ती एकाच माणसाची, सर्वांत मागे बसलेल्याची. त्याला दिसत नसे. पडदा मोठा असावा ही मागणी मुळात या मागच्या रांगेतल्या माणसाची आहे. पुढच्या रांगेतल्याला, खुर्चीवाल्याला, पडदा लहान आहे असे कधीच वाटत नाही.

पुढे पडदा घरात आला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्रे १९८२ साली आली. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याचे प्रक्षेपण रंगीत झाले आणि पाठोपाठ दिल्लीचे आशियाई सामने आले. १९८४ साली देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभारण्याची अशी घाई सुरू झाली की काही महिने जवळजवळ रोज एक केंद्र निघत होते. मराठवाड्यातल्या घरांच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले ते याच काळात.

आम्ही राहत होतो त्या वस्तीत पहिला संच आला तो कृष्णधवल, वीस इंची, लाकडी दारांचा. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी घरमालक संचाचे तोंड दाराकडे करून ठेवी. खोलीत बायका आणि लहान मुले, उंबऱ्यावर म्हातारी माणसे, अंगणात आम्ही तरुण, आणि आमच्या मागे रात्रपाळी करून परस्पर आलेले कामगार, डबा हातात घेऊन उभे. त्या शेवटच्या माणसापासून संचापर्यंत वीसपंचवीस फुटांचे अंतर असे. राम कोण आणि लक्ष्मण कोण हे तो आवाजावरून ओळखी. त्यांच्यापैकी ज्याला पुढे बोनस मिळाला, त्याने दुकानात जाऊन पहिला प्रश्न काय विचारला असेल, हे निराळे सांगावयास नको.

आता मापाकडे येऊ. पडद्याचा इंच हा लांबीचा नसतो आणि रुंदीचाही नसतो. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, तिरपा असतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा चारास तीन या प्रमाणात असे. म्हणजे वीस इंची पडदा सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच. क्षेत्रफळ १९२ चौरस इंच. याच हिशेबाने चौदा इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ९४ चौरस इंच आणि एकोणतीस इंचीचे सुमारे ४०४. आकडे नीट पाहा. चौदावरून वीसवर गेले की पडदा दुप्पट होतो, आणि वीसवरून एकोणतीसवर गेले की पुन्हा दुप्पट. चौदा, वीस आणि एकोणतीस ही त्या काळची बाजारातली परिचयाची मापे. गिऱ्हाइकाला भूमिती येत नसेल, पण एका पायरीला दुप्पट चित्र मिळते हे त्याच्या डोळ्याला बरोबर कळत होते.

हे संच देशाला पुरविण्याचा मोठा कारभार आमच्याच गावाशेजारी चालला. पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव आहे. नंदलाल माधवलाल धूत यांच्या घराण्याने उभ्या केलेल्या व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना तेथे होता. जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तिने रंगीत संच काढले आणि वेणुगोपाल धूत यांच्या काळात ते नाव देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. चितेगावात संचांबरोबर धुलाईयंत्रे आणि शीतकपाटेही होत. पाळी सुटण्याच्या वेळी पैठण रस्त्याला जी गर्दी होई, तिच्यात बिडकीनचे, पैठणचे, गेवराईकडचे तरुण असत. कालपरवापर्यंत कापसाच्या आणि उसाच्या रानात राबणारे. आपल्या हाताखालून गेलेला संच कोठे दूर आसामात किंवा केरळात कोणाच्या घरी लागला असेल, या विचाराचे त्यांना मोठे अप्रूप वाटे. काडेपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे बाहेरून आणणाऱ्या मराठवाड्याने देशाला पडदा पुरवावा, ही गोष्ट लहान नव्हती.

त्या पडद्याची एक अडचण मात्र होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. जुना पडदा म्हणजे काचेची एक मोठी पोकळ नळी. तिच्या मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉन फेकणारी बंदूक, पुढे फॉस्फरचा लेप दिलेली काच, आणि आत निर्वात पोकळी. बाहेरची हवा या काचेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका दाब देत असते. वीस इंची पडद्यावर हा भार सुमारे १,२८० किलो होतो, आणि एकोणतीस इंचीवर २,६०० किलोंच्या वर जातो. एवढा भार सोसण्यासाठी काच जाड करावी लागे. पडदा मोठा झाला की नळीची खोलीही वाढे. वीस इंची संच एक धट्टाकट्टा माणूस उचली. एकोणतीस इंचीला दोघे लागत आणि तरी जिन्याच्या वळणावर थांबावे लागे. त्यापुढे मोठे होण्याची त्या नळीची शक्ती संपत आली होती. लोकांची मागणी मात्र संपली नव्हती.

२००५ साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन एवढ्या ठिकाणचे कारखाने त्यात आले. औरंगाबादच्या माणसाने युरोपातले कारखाने घ्यावे याचा त्या वेळी गावाला अभिमान वाटला, आणि आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. परंतु त्याच सुमारास जगात सपाट पडदा स्वस्त होऊ लागला. त्याला पोकळी नको, जाड काच नको. तो भिंतीवर टांगता येई आणि बत्तीस, चाळीस, पंचावन्न असा वाटेल तेवढा वाढविता येई. ज्या गिऱ्हाइकाला आपण मोठ्या पडद्याची गोडी लावली, तेच गिऱ्हाईक मोठ्या पडद्यासाठी नळी सोडून गेले. पुढे या उद्योगसमूहावर कर्जाचा डोंगर झाला. त्याला तेलविहिरी, दूरध्वनीसेवा अशी इतर कारणेही होती, आणि सगळा दोष चित्रनळीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. पैठण रस्त्यावरची पाळी सुटण्याची ती गर्दी ओसरली. एका मोठ्या कारखान्यामागे किती चहाच्या टपऱ्या, किती खानावळी आणि किती भाड्याच्या खोल्या उभ्या असतात, हे अशा वेळीच कळते.

इतके सांगितल्यावर फोनकडे वळू. येथे एक चमत्कार आहे. दूरचित्रवाणीचा पडदा जन्मापासून मोठा मोठा होत गेला. फोनचे आरंभी नेमके उलट होते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून आपल्या देशातल्या मोबाइल सेवेचा आरंभ केला. त्या वेळचे फोन विटेसारखे होते, आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. पुढे जो फोन लहान तो भारी, मुठीत मावला तर फारच भारी, अशी समजूत झाली. पडद्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. नंबर दिसला की झाले. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन निघाला. त्याचा पडदा आगपेटीएवढाही नव्हता, पण वरच्या टोकाला विजेरी होती. रात्रपाळीच्या कामगाराने आणि रात्री मोटार सुरू करावयास रानात जाणाऱ्या शेतकऱ्याने तो विजेरीसाठी घेतला. जगभर तो पंचवीस कोटींवर खपला. गिऱ्हाइकाची पसंती कामावरून ठरते, हे त्या फोनने दाखवून दिले.

२००७ साली अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन निघाला. बटणे गेली आणि सगळा दर्शनी भाग पडद्याचा झाला. हा पडदा साडेतीन इंची होता, आणि माणसाच्या मुठीला हेच माप योग्य अशी त्या कंपनीची खात्री होती. मोठा फोन हातात मावत नाही आणि तो कोणी घेणार नाही, असे तिचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० साली जाहीरपणे सांगितले. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंची ‘नोट’ काढला, तेव्हा कानाला पाटी लावल्यासारखे दिसते म्हणून लोक हसले. परंतु हसणारेच पुढे दुकानात गेले. आपल्याकडे २०१२ च्या अखेरीस मायक्रोमॅक्स या देशी कंपनीने पाच इंची ‘कॅनव्हास २’ दहा हजारांच्या आत, ९,९९९ रुपयांना आणला, आणि मोठा पडदा पगारदार माणसाच्या आवाक्यात आला. २०१४ मध्ये खुद्द ॲपलनेच साडेपाच इंची फोन काढला. आज साडेसहा इंची पडदा ही साधारण गोष्ट झाली आहे.

येथे पुन्हा व्हर्निअर हाती घेऊ. साडेपाच इंची पडदा सोळास नऊ या प्रमाणातला असेल तर त्याची रुंदी २.७० इंच भरते. साडेसहा इंची पडदा वीसास नऊ या प्रमाणातला असेल तर त्याची रुंदी भरते २.६७ इंच. म्हणजे तिरपे माप एका इंचाने वाढले, पण रुंदी वाढली नाही. उलट केसभर कमीच झाली. वाढली ती उंची. याचा अर्थ असा की हाताच्या मुठीपुरते जॉब्स यांचे म्हणणे खरे होते. मुठीने रुंदीची हद्द आखून दिली, ती कोणाला ओलांडता आली नाही. पण लोकांना मोठा पडदा हवाच होता, म्हणून कारखानदारांनी तो उंचीत वाढविला. हात आणि डोळा यांच्या भांडणात झालेली ही तडजोड आहे. आणि तडजोडी कशा होतात हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चांगले ठाऊक असते.

आता डोळ्याला एवढी गरज का पडली? आम्ही आमच्या युनियनच्या कचेरीत बसून जे पाहिले तेवढेच सांगतो.

पहिले कारण म्हणजे एका वस्तूवर अनेकांचे काम आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. तोवर बोलण्याचे साधन असलेला फोन त्यानंतर वर्तमानपत्र झाला, सिनेमा झाला, बँक झाला, बाजार झाला. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ साली आला. आता पासबुक फोनवर, पगाराची चिठ्ठी फोनवर, रजेचा अर्ज फोनवर. आगपेटीएवढ्या पडद्यावर हे वाचता येत नाही. ज्याच्या घरी निराळा संगणक आहे, निराळा दूरचित्रवाणी संच आहे आणि टेबलावर वर्तमानपत्र येते, त्याला फोन लहान असला तरी चालतो. ज्याच्याजवळ फोन हे एकच साधन आहे, त्याला तो मोठा लागतो. गरिबाचा फोन मोठा का, याचे उत्तर त्याच्या खोलीत दुसरे काय काय नाही हे पाहिले म्हणजे मिळते.

दुसरे कारण आपली लिपी. इंग्रजी अक्षर एका ओळीत निमूट बसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि रकार, मध्ये शिरोरेषा. ‘र्की’ आणि ‘क्रू’ एका खाली एक आले तर दोन ओळींत हवा राहिली पाहिजे, नाही तर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत अडकतो. अक्षर बारीक झाले की आधी मात्रा नाहीशी होते, आणि मग ‘वेतन’ हे ‘वतन’ होते. आमच्या एका परिपत्रकाच्या बाबतीत अगदी असेच झाले. वेतनवाढीचे पत्रक एका म्हाताऱ्या सभासदाने लहान फोनवर वाचले आणि कचेरीत येऊन विचारले, “साहेब, वतने परत देणार म्हणतात ते खरे काय?” आम्ही हसलो, पण दुसऱ्या दिवसापासून पत्रकाचे अक्षर मोठे केले. मराठी वाचणाऱ्याने मोठा पडदा मागितला तर तो आपल्या भाषेसाठी जागा मागत असतो.

तिसरे कारण वयाचे. चाळिशी लागली की जवळचे दिसेनासे होते. काही वेल्डिंगवर डोळे शेकतात, काही शिवणकामावर. पन्नाशीच्या कामगाराला चष्म्याचा खर्च निराळा आणि फोनचा निराळा करावयाचा नसतो. तो अक्षर मोठे करतो, आणि अक्षर मोठे केले की एका वेळी तीनच ओळी दिसतात, म्हणून मोठा पडदा पाहतो.

चौथे कारण आपणा सर्वांच्या आठवणीतले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. कारखाने बंद पडले आणि शाळा फोनमध्ये गेली. कामगारवस्त्यांत एका घरात एक फोन आणि तीन मुले. तिसरीतला पुढे, पाचवीतली त्याच्या खांद्यावरून पाहणारी, आणि आठवीतला सर्वांत मागे. यात्रेच्या तंबूतली आणि ‘रामायणा’च्या अंगणातली ती मागची रांग पुन्हा उभी राहिली, या वेळी दहा बाय दहाच्या खोलीत. त्या वर्षी ज्या बापाने अर्ध्या पगारात मोठा फोन घेतला, त्याला हौशी म्हणावयास आमची जीभ वळत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण लोकांनी खरोखर निवड केली की त्यांच्या गळ्यात बांधले? हा प्रश्न योग्य आहे. मोठ्या फोनमध्ये मोठी बॅटरी मावते, म्हणून कारखानदाराला तो सोयीचा. मोठ्या पडद्यावर जाहिरात चांगली दिसते, तेव्हा जाहिरातदारालाही सोयीचा. ॲपलने २०२० आणि २०२१ साली ५.४ इंची लहान फोन काढून पाहिले आणि पुढे तो प्रकार बंद केला. आज लहान, चांगला फोन हवा असणाऱ्याला दुकानात फारसे काही मिळत नाही. याचा जाच स्त्रियांना अधिक. त्यांचा पंजा लहान, आणि साडीला खिसा नाही. आमच्या स्त्री सभासद फोन एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने चालवितात. बसमध्ये उभे राहून ते जमत नाही. तेव्हा बहुसंख्यांची पसंती खरी असली तरी अल्पसंख्यांची सोय तिच्याखाली दडपली गेली, हे मान्य केले पाहिजे. कोणत्याही संघटनेत हा धोका असतो. बाजाराला मात्र त्याची लाजही वाटत नाही.

आता आम्हांला जे मुख्य सांगावयाचे आहे त्याकडे येतो. या शहरातली पहिली कापसाची गिरणी १८८९ साली उभी राहिली. तेथे कामगार रिकाम्या हाताने जाई. चाती मालकाची, माग मालकाचा. चितेगावच्या संचजोडणीच्या ओळीवरही तसेच, स्क्रूड्रायव्हरसुद्धा कंपनीचा. मजुरी कमी असे, जुलूम असे, त्याविरुद्ध लढे झाले. पण हत्याराची किंमत कामगाराने भरावी असे कोणी म्हटले नाही. आज घरोघर जेवण आणि सामान पोहोचविणाऱ्या मुलाचे हत्यार कोणते? दुचाकीच्या दांड्यावर अडकविलेला मोठ्या पडद्याचा फोन. पत्ता त्यावर, हुकूम त्यावर, दंड त्यावर. भर उन्हात नकाशा दिसावा म्हणून तो मोठा आणि उजळ पडदा घेतो आणि त्याचे हप्ते स्वतः फेडतो. काही कारखान्यांत हजेरीदेखील कामगाराच्या स्वतःच्या फोनवर लागू लागली आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. नाव मिळाले हे चांगले झाले. हत्याराची किंमत कोणाची, हा प्रश्न अजून मोकळाच आहे.

हा प्रश्न विचारता येतो, हे आपल्याच राज्यातल्या स्त्रियांनी दाखविले आहे. पोषण अभियानासाठी २०१९ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारी फोन देण्यात आले. त्यांची स्मरणशक्ती दोन जीबी. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले, ते त्या फोनांना पेलेना, आणि त्यावरची भाषा इंग्रजी. ज्या बाई गावातल्या प्रत्येक लेकराचे वजन मराठीत लिहीत आल्या होत्या, त्यांना ते परक्या भाषेत, अडखळणाऱ्या पडद्यावर भरावयास सांगितले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन कार्यालयांत नेऊन परत केले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: फोन चांगला द्या आणि ॲप मराठीत करा. गिऱ्हाइकाची पसंती म्हणतात ती ही नव्हे. गिऱ्हाईक दुकान बदलतो, या बायांना दुकान नव्हते. कामाचे साधन कामाच्या जोगे असले पाहिजे आणि ते काम घेणाऱ्याने दिले पाहिजे, असे त्या सांगत होत्या. इंचांच्या या सगळ्या इतिहासात आम्हांला ही घटना सर्वांत मोठी वाटते.

आता थोडे आपल्याविषयी. साडेसहा इंची पडदा डोळ्यांपासून फूटभर अंतरावर धरला, तर तो सात फुटांवर ठेवलेल्या पंचेचाळीस इंची पडद्याएवढा भासतो. म्हणजे त्या अंगणातल्या शेवटच्या कामगाराला जे कधी मिळाले नाही, ते आज प्रत्येकाला मिळाले आहे. प्रत्येकजण पहिल्या रांगेत बसला आहे. ही प्रगती आहे, आणि तिला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण फूटभर अंतरावरचा पडदा एकालाच दिसतो. अंगणात उभे असताना शेजारच्याचा पगार झाला की नाही, कोणाच्या पोराला ताप आहे, कोणत्या खात्यात माणसे कमी करणार आहेत, हे सगळे जाहिरातींच्या वेळात कळत असे. आमची पहिली युनियन अशाच अंगणात, एका रविवारी ‘रामायण’ संपल्यावर बसली होती. आज पाचशे सभासदांना एका क्षणात पत्रक जाते. सभेला मात्र पन्नास येतात.

म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई किंवा दारात जेवण घेऊन आलेला मुलगा मोठा फोन बाळगून असला, तर त्याची किंमत मनात धरून त्याच्या गरिबीवर शंका घेऊ नका. ते त्याचे खुरपे आहे, माग आहे, आणि त्याच्या मुलांची शाळाही आहे. आणि आपण ज्या कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात माणसांकडून फोनवर काम करून घेत असाल, तेथे एकदा विचारा, की हा पडदा कोणाच्या पैशाने आला आणि त्यावरचे अक्षर वाचणाऱ्याच्या भाषेत आहे काय.

मध्यंतरी पैठणला जाताना चौदाव्या किलोमीटरपाशी आमची बस थांबली. आमच्या शेजारी एक उतारवयाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी खिडकीतून कारखान्याच्या बाजूला पाहिले आणि हातातल्या फोनवर नातवाचे चित्र मोठे करीत ते म्हणाले, “आम्ही एकोणतीस इंची बसवीत होतो. दोघांनी धरावा लागे.” पुढे ते काही बोलले नाहीत. बिडकीनला उतरताना त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला. तो खिशातून चांगला दोन बोटे वर राहिला होता, म्हणून त्यावर एक हात ठेवूनच ते पायऱ्या उतरले.